ठरवून सोडलेला पाय

कल्याणी मगदूमच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पत्र श्रावणात आलं, आता दसरा होऊन गेला. रोज दुपारी जेवण झालं की मी आरामखुर्चीच्या दोन्ही हातांवर लिहायची फळी आडवी टाकतो, पेनाचं टोपण काढतो, ‘चि. कल्याणीस अनेक आशीर्वाद’ एवढं लिहितो आणि मला झोप लागते. आजही तेच होणार अशी चिन्हं आहेत. पोटात आमटीभात आहे, पंखा एका लयीत कुरकुरतो आहे, आणि ‘आशीर्वाद’मधला द मला हळूहळू खाली घसरताना दिसतो आहे.

स्वयंपाकघरातून इंदू, म्हणजे माझी बायको, विचारते, "लिहिताय की पेंगताय?"

"विचार करतोय."

"दोन महिने? त्या पत्राला आता पेन्शन लागू होईल."

इंदूला उत्तर द्यायलाही मला साधारण तेवढाच वेळ लागतो.

कल्याणीचं पत्र मला पाठ झालं आहे. ‘आदरणीय डॉक्टर, मी कल्याणी, पूर्वीची मगदूम. तुम्हाला नाव आठवणार नाही, पण पाय आठवतील,’ अशी त्याची सुरुवात आहे. पाय आठवतात. कृष्णाकाठच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी एकतीस वर्षं लहान मुलांच्या हाडांची ऑपरेशनं केली. त्यात असे पाय मी दोनतीनदाच पाहिले. जन्मतः दोन्ही पावलं दुभंगलेली. मधली बोटं नाहीतच, आणि त्यांच्या जागी टाचेच्या दिशेनं आत गेलेली खोल खाच. कल्याणी पावणेदोन वर्षांची असताना तिचं उजवं पाऊल मी शिवलं. डावं तसंच राहिलं.

‘आता माझी मुलगी जुई तेरा महिन्यांची आहे,’ ती लिहिते, ‘आणि माझेच पाय घेऊन आली आहे. माझ्या वेळी आईनं ग्रहणात दोडका चिरला म्हणून सगळ्यांनी तिलाच बोल लावला होता. जुईच्या वेळी सासूबाईंनी ग्रहणभर मला पाटावर बसवून ठेवलं, सुरी नजरेलासुद्धा पडू दिली नाही. तेव्हा पस्तीस वर्षांनी दोडका निर्दोष सुटला आहे.’

मग खरा प्रश्न येतो. पुण्याच्या डॉक्टरांनी जुईच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. त्यांनी माझा निबंध वाचला आहे. ते कल्याणीला म्हणाले, ‘तुमच्या त्या डॉक्टरांनी एक पाय ठरवून सोडला होता, तुलना करण्यासाठी. अशी तुलना फार कुणी केलेली नाही. त्यांना विचारा, मग आपण काय ते ठरवू.’ आणि म्हणून ती विचारते: ‘माझ्या दोन पायांपैकी कुठला पाय मी जुईला द्यावा?’

अडचण एवढीच आहे की तो पाय मी ठरवून सोडलेला नाही. कसा सुटला ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि आत्ता या क्षणी तर सांगणं शक्यच नाही, कारण माझी हनुवटी छातीला टेकली आहे.

पंख्याची कुरकुर बदलते. ठक् ठक् ठक्. कुणीतरी लहान हातोडी चालवतं आहे.

मी डोळे उघडतो. माझ्या पायांपाशी बुटक्या स्टुलावर सातपुते बसले आहेत. आमच्या रुग्णालयाच्या बूट विभागाचे सातपुते. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि त्यात एकटे ते. वाकड्यातिकड्या पावलांसाठी त्यांनी तिथं बसून तीस वर्षं बूट बनवले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी त्यांच्या अंत्ययात्रेला निघालो होतो, पण ओळखीचं कुणी दिसेना, म्हणून संकोचून कोपऱ्यावरूनच परत फिरलो होतो.

"कोपऱ्यापातूर आलावता सायेब," सातपुते खिळे ओठांत धरून म्हणतात. "बगितलं मी."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"चौघांच्या खांद्यावर हुतो. उंचावरनं समदं दिसतंय."

मला फार लाज वाटते. मी फळीवरचा कागद सारखा करायला लागतो. पण फळी आता त्यांच्या कामाची पाटी झाली आहे, तिच्यावर कातड्याचे तुकडे आहेत, आणि माझी आरामखुर्ची जिन्याखालच्या त्या खोलीत बरोबर मावली आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर लाकडी पावलं ओळीनं मांडली आहेत. बूट ज्यांच्यावर चढवून बनवतात ती ही कलबुतं. एरवी सगळी कलबुतं सारखी असतात. सातपुत्यांची नव्हती. चार बोटांचं होतं, सात बोटांचं होतं, होडीसारखा तळवा असलेलं होतं, आणि प्रत्येकाच्या टाचेवर मुलाचं नाव.

"तुम्ही कसे आहात?" मी विचारतो. मेलेल्या माणसाला हे विचारतात की नाही, याची मला खात्री नाही.

"निवांत. तितं समदी अनवाणी. काम न्हाई काई." ते हातोडी खाली ठेवतात. "त्या मगदुमाच्या पोरीला उत्तर धाडलं का?"

"तुम्हाला त्या पत्राचं कुणी सांगितलं?"

"वैनींनी. लै मोठ्यांदा बोलतात त्या. वरपातूर ऐकू येतंय."

मी उठून जायला बघतो, पण उठता येत नाही. मी ऑपरेशन थिएटरच्या टेबलावर उताणा आहे, डोक्यावर तो मोठा दिवा, आणि सातपुत्यांनी हिरवा डगला घातला आहे. मास्क हनुवटीखाली. गाल फुगलेला.

"सातपुते, तंबाखू? थिएटरमध्ये?"

"मेल्यावर कसलं इन्फेक्शन?" ते माझी दोन्ही पावलं हातात घेतात आणि आंबे दाबून बघावेत तशी अंगठ्यानं दाबतात. "पाय गार पडल्यात. ह्यो डावा बगा कसा मागं सरतोय. काई म्हणायचं असलं की ह्यो पुढं यायला तयारच न्हाई. जन्मतःच हाय का नंतर झालं?"

"जन्मतः असावं," मी कबूल करतो.

"शिवू का?"

"नको."

"मग बोला. त्या दिशी मी रजेवर हुतो, भाचीच्या लग्नाला. मागं काय झालं त्ये मला आजपातूर कुणी सांगितलं न्हाई. आता बगूच द्या."

ते डगल्याच्या बाह्या वर करतात. टेबलावर आता मी नाही. टेबलावर कल्याणी आहे, पावणेदोन वर्षांची, उजव्या पायाला हे भलंमोठं बँडेज. तिची आई तिला काखेत धरून उभी आहे. डावा पाय पदराखाली. मगदूमबाई तो पाय नेहमीच पदराखाली ठेवत. आम्हा डॉक्टरांना दाखवायचा असला तरी आधी दाराकडे बघत. मुलगी दोन वर्षांची व्हायला आली तरी तो पाय जमिनीला टेकलेला मी पाहिला नव्हता. उजवा टेकायचा, पण शिवल्यावर तोही दुखायचा. जखमेची कड नीट भरत नव्हती. मी रात्रंदिवस पुस्तकं उलटीपालटी करत होतो. पुढच्या गुरुवारी डाव्या पायाचं ऑपरेशन ठरलेलं होतं, आणि त्या गुरुवारच्या नुसत्या विचारानं माझं जेवण गेलं होतं.

माझ्या हातात पेन्सिल आहे. सातपुत्यांची पद्धत अशी होती की मुलाला खाकी कागदावर उभं करायचं आणि पावलाभोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून बूट. ते रजेवर, म्हणून रेघ ओढायचं काम माझ्यावर आलं आहे. मी बँडेजभोवतीनं जपून पेन्सिल फिरवतो. आयुष्यात मी इतकी सुंदर रेघ कधी ओढलेली नाही. रेघ पुरी होते आणि कल्याणी कागदावर शू करते.

"झ्याक," सातपुते म्हणतात.

"आता मी दुसरा कागद मागायला हवा," मी म्हणतो. "कपाट सिस्टरच्या ताब्यात आहे. सिस्टर चिडलेल्या आहेत. सकाळपासून मी त्यांच्याकडे चार गोष्टी मागितल्या आहेत."

"मग?"

"मग मी मागत नाही."

आणि मी तो कागद पलटतो. मागची बाजू त्या मानानं कोरडी आहे, पण झिरपलेल्या ओलाव्यामुळे पेन्सिलीची रेघ तिच्यातून स्पष्ट दिसते आहे. मी तिच्यावरून शाईनं ठळक रेघ मारतो. वर नाव लिहितो. शेजारी लिहितो, ‘उजवा’.

सातपुते कागदावर वाकतात. मग माझ्याकडे बघतात. मग पुन्हा कागदाकडे.

"सायेब, उजव्याचा डावा केलासा की हो."

"हो."

"पुस्तकं किती वाचली म्हनं तुमी?"

"बरीच."

"त्यात कागुद पलटल्यावर काय हुतंय ते न्हवतं?"

आता हे बघायला थिएटरच्या दारात माणसं जमली आहेत, निदान मला तसं वाटतं आहे. पण ते थिएटरचं दार नाही, रुग्णालयाचा लांब व्हरांडा आहे, दुसऱ्या टोकाला औषधांची खिडकी, आणि आज बूट घालून बघायचा दिवस आहे. सातपुते रजेवरून परत आले आहेत. लग्नाचा फेटा अजून डोक्यावर आहे. तेव्हा तो होता की नाही हे मला आठवत नाही, पण आत्ता आहे.

"तुम्ही ‘उजवा’ वाचलं होतं ना?" मी त्यांना विचारतो. "मग डावा कसा कापलात?"

"असल्या पोरांच्या पायाला उजवं-डावं कुटलं, सायेब? चांगल्या पायाला आकार असतोय, त्याला शहाणपण चालतंय. हितं रेघ सांगंल तसं कापायचं. माझा नियमच हुता. अक्षरावर न्हाई जायाचं, रेघंवर जायाचं."

ते कल्याणीच्या उजव्या पायात बूट सरकवायला बघतात. जात नाही. ती भोकाड पसरते. सातपुते बूट हातात घेऊन उलटसुलट बघतात, डोकं खाजवतात, मग तिच्या आईला म्हणतात, "ताई, त्यो दुसरा काढा भाईर."

मगदूमबाई दाराकडे बघतात. मग पदर बाजूला करतात.

बँडेजसकट मापलेला तो बूट चांगला ऐसपैस झाला आहे. दुभंगलेलं पाऊल त्यात सहज जातं. सातपुते खाचेत लोकरीचा बोळा बसवतात, नाडी बांधतात आणि मुलीला खाली ठेवतात. ती उभी राहते. खाली बघते. तिला एक पाय आहे हे ठाऊक होतं, दुसऱ्याची आज ओळख होते आहे. मग ती औषधांच्या खिडकीच्या दिशेनं निघते. आधी लंगडत, मग भिंत सोडून, मग सरळ पळतच. खिडकीपाशी पोचल्यावर तिला थांबता येत नाही, ती एका आजोबांच्या धोतरावर आपटते आणि खदाखदा हसते. मगदूमबाई मात्र रडू लागतात. सातपुत्यांना वाटतं बूट टोचतोय, ते पकडीसाठी खिसे चाचपत मुलीमागं धावतात.

मी त्या संध्याकाळी केसपेपरवर लिहिलं, ‘दुसऱ्या बाजूची तूर्त गरज नाही.’ लिहिताना इतकं हलकं वाटलं की रात्री मी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.

"आणि तितंच आपलं सायेब आलं," व्हरांड्यातून चालता चालता सातपुते म्हणतात. सायेब म्हणजे रुग्णालयाचे अधीक्षक. "म्हणाले, उजवा मागितला, डावा कुणी केला? कातडं वाया घालवलं. तुमी शेजारीच हुता."

"होतो."

"काय करत हुता?"

"चष्मा पुसत होतो."

"लै येळ पुसत हुता."

"हो."

अधीक्षकांनी सातपुत्यांना मेमो दिला होता. कामात निष्काळजीपणा, इंग्रजीत, टाईप केलेला. मी तो त्यांच्या हातात पाहिला आणि दुसऱ्या जिन्यानं गेलो.

"त्यो मेमो बायकूनं फ्रेम करून लावला," सातपुते म्हणतात. "तिला वाटलं बक्षीस. शिक्का हुता न्हवं, सही हुती. पोरगं मॅट्रिकला गेल्यावर त्यानं वाचून दावला. तवर धा वर्षं झालती. मग म्हटलं, राहू द्या आता, भिंतीवर डाग पडलाय मागं."

मला हसू येतं आणि हसण्याची भीती वाटते. आवाज मोठा घुमतो, कारण मी पुण्याच्या परिषदेतल्या व्यासपीठावर आहे. समोर माझा निबंध. अध्यक्षांच्या खुर्चीत सातपुते, फेटा बांधलेले, छातीवर अध्यक्षांचं फूल. मी सभागृहाकडे बघतो. खुर्च्यांवर डॉक्टर नाहीत. प्रत्येक खुर्चीवर लहान मुलाच्या बुटांचा जोड बसला आहे. एकतीस वर्षांत मी चिठ्ठ्या लिहून दिलेले सगळे बूट आले आहेत, जाड तळाचे, पट्ट्यांचे, एक उंच एक बुटका. मागच्या रांगेतला एक जोड खोकतो.

"सुरू करा, डॉक्टर," अध्यक्ष म्हणतात.

मी वाचू लागतो. "प्रस्तुत रुग्णाच्या बाबतीत उजव्या पावलावर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि डावं पाऊल नियोजनपूर्वक..."

पीं.

पहिल्या रांगेत एक वाजणारा बूट आहे. बाळांचा असतो तसा, दाबला की पीं करणारा. पण तिथं दाबायला कुणी नाही.

"...नियोजनपूर्वक, तुलनेच्या उद्देशानं..."

पीं. पीं.

"अध्यक्षमहाराज, त्यांना शांत राहायला सांगा."

"तुमीच सांगा. तुमच्यावर बोलतोय त्यो."

मी पानावरचा तो शब्द पुन्हा बघतो. खरं म्हणजे निबंध लिहिताना तिथं आधी दुसरं काही होतं. मी ‘योगायोगानं’ लिहून ते खोडलं होतं. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी. योगायोगाला कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि मला आयुष्यात एकदा तरी टाळ्या हव्या होत्या. मिळाल्याही. मी त्या ऐकल्या नाहीत, मी बॅग शोधत होतो.

मी चष्मा काढतो. तो पुसत नाही, खिशात ठेवतो. सगळे बूट धुरकट होतात, त्यामुळे जरा सोपं जातं.

"उजवं पाऊल शिवलं," मी म्हणतो. "डावं माझ्या हातून चुकून राहिलं. कागद पलटला म्हणून राहिलं. आणि बूट सातपुत्यांनी चुकवला नव्हता, मी चुकवला होता."

कुणी वाजत नाही. सभागृहात नुसती कातड्याचा वास असलेली शांतता आहे. मी मान वळवतो. अध्यक्ष बिडी शोधत आहेत.

"सातपुते, तो मेमो माझा होता. मला क्षमा करा."

"मला ठावं हुतं की."

"काय ठाऊक होतं?"

"समदं. दुसऱ्याच दिशी कळलं. कागुद मागनं बगितला, तर पेन्सिलीची रेघ. आन वास."

"मग तुम्ही अधीक्षकांना का सांगितलं नाहीत?"

"पोरगी पळत हुती," सातपुते म्हणतात. "सांगितलं असतं तर तुमी घाबरून दुसरा पायबी कापायला घेतला असता. तुमचा काय भरवसा?"

हे अगदी खरं आहे. मी घेतला असता.

सभागृह मावळलं आहे. आम्ही पुन्हा जिन्याखाली आहोत, जिन्यावरून कुणीतरी अनवाणी चढतं आहे. सातपुते स्टुलावर, मी खुर्चीत, मधे पाटी, पाटीवर कोरा कागद. मला जे विचारायचं आहे ते मी आता विचारतो. एवढ्यासाठीच मी दोन महिने झोपतो आहे, असं मला वाटू लागलं आहे.

"खरं सांगा. तुम्ही तिचे बूट नऊ वर्षांची होईपर्यंत बनवलेत. कुठला पाय बरा होता? शिवलेला की न शिवलेला?"

सातपुते मोठ्यानं हसतात. फळीवरचं एक कलबूत खाली पडतं.

"मला इचारताय? मी मेलोय, सायेब! पाय कुणाचं हायत?"

"तिचे."

"त्यावर चालतंय कोण?"

"ती."

"मग तिला इचारा की. तुमी मोटी माणसं, पायाला इचारता, फोटोला इचारता, पुस्तकाला इचारता. माणसाला इचारायची येळ आली की चष्मा पुसता. मी पोरांचं जुनं बूट बगायचो आदी. कुठं झिजलाय, कुठं न्हाई. पाय लाजून खोटं बोलतोय, झिजलेला तळ खोटं बोलत न्हाई. पस्तीस वर्षांच्या चपला झिजवल्यात तिनं. तिच्याइतकं कुणाला ठावं असंल?"

"पण तिनं मला विचारलं आहे. ती म्हणेल, डॉक्टर, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं."

"मग? माहीत हुतं व्हय?"

मी विचार करतो. या वेळी फार वेळ लागत नाही.

"नव्हतं."

"मग ह्येच ल्ह्या."

ते वाटीत बोट बुडवतात. कातडं चिकटवायची खळ आहे, मैद्याची, जरा आंबलेली. कुठूनसं एक पाकीट काढतात आणि त्याच्या पट्टीवर ती चोपडतात.

"अहो, आत पत्र नाही अजून!"

"ते मागनं. आदी बंद करा. तुमचं असं हाय, पाकीट उगडं राह्यलं की त्यात इचार शिरतोय." ते माझ्या हातात पाकीट देतात. "दाबा. अंगठ्यानं. लाजू नका, दाबा."

मी दाबतो. ते हातोडी उचलतात. ठक् ठक् ठक्.

ठक्. इंदू फळीवर चहाचा कप ठेवते आहे.

"जीभ बाहेर काढून काय झोपताय लहान मुलासारखे?"

मी जीभ आत घेतो. जिभेवर डिंकाची चव आहे, गोडसर आणि कडू. माझ्या हातात एक पाकीट आहे, आणि माझा अंगठा त्याच्यावर इतका घट्ट दाबलेला आहे की नख पांढरं पडलं आहे. पाकिटावर कल्याणीचा पुण्याचा पत्ता आहे. अक्षर माझंच, फक्त ओळी थोड्या चढावर गेल्या आहेत. पाकीट व्यवस्थित बंद आहे. मी ते उजेडात धरतो. आत काही नाही.

इंदूही बघते. तिला समजायला वेळ लागत नाही, तिला कधीच लागत नाही.

"दोन महिन्यांच्या विचारातून एवढं निघालं?"

"आत घालायचं आहे अजून."

"चहा पिऊन घाला."

मी चहा पीत नाही. पाकीट बाजूला ठेवतो आणि लिहायला लागतो, आणि मला झोप येत नाही.

चि. कल्याणीस, मी लिहितो, तुझा डावा पाय मी ठरवून सोडला नव्हता. निबंधातला तो शब्द खोटा आहे. मग मी कागदाचं लिहितो, शूचं लिहितो (तुझ्याकडून झालेली चूक ही नव्हे, असं कंसात), पलटलेल्या रेघेचं, डाव्या बुटाचं, सातपुत्यांचं आणि त्यांच्या मेमोचं लिहितो. तू औषधांच्या खिडकीपर्यंत पळालीस आणि मी घाबरट माणूस सुटलो, ही त्या तुलनेची सगळी हकीकत. तुझ्या दोन पायांपैकी कुठला चांगला, हे मला माहीत नाही. तू नऊ वर्षांची झालीस त्यानंतर मी तुला कधी विचारलं नाही, आणि त्याआधी विचारलं ते तुझ्या आईला. ते तुलाच माहीत आहे. संध्याकाळी कुठला आधी दुखतो, चिखलात कुणावर भरवसा ठेवतेस, कुठल्या पायाची चप्पल आधी झिजते, हे सगळं पुण्याच्या डॉक्टरांना सांग. हे पत्र त्यांना दाखव, संकोच करू नकोस, माझ्या वाटणीचा मी केला आहे. माझ्यापेक्षा त्यांचा हात आणि आजचं शास्त्र दोन्ही पुढे गेलेली आहेत. त्यांना एवढंच विचार की थांबलो तर जुईचं काय बिघडेल, आणि शिवलं तर काय सुधारेल. त्यांच्या उत्तराशी तुझे दोन्ही पाय ताडून बघ. मग ठरव, आणि या वेळी खरोखर ठरव. शिवलंत तरी आणि नाही शिवलंत तरी, ते पाऊल पदराखाली ठेवू नका.

सही करतो. वाचून बघायचा मोह होतो. वाचलं तर मी काहीतरी खोडेन, म्हणून वाचत नाही. पाकीट कात्रीनं एका बाजूनं कापतो, पत्र आत सरकवतो आणि कापलेली कड चिकटपट्टीनं बंद करतो. पाकीट आता ऑपरेशन झाल्यासारखं दिसतं.

पोस्टात काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं आहेत. मी घरच्या लेंग्यातच आलो आहे, हे मला रांगेत कळतं. काउंटरमागे एक तरुण मुलगी आहे, केसांत पेन खोचलेलं.

"स्पीड पोस्ट?"

"हो."

"तुमचा मोबाइल नंबर?"

मला आठवत नाही. मी इंदूचा सांगतो, तो मला पाठ आहे, मी तो कधीच लावत नसलो तरी.

"आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र? मग एवढी चिकटपट्टी कशाला?"

"बिकट होतं."

ती माझ्याकडे बघते, मग हसते, आणि काचेखालच्या फटीतून पाकीट ओढते. पाकीट जात नाही. ती पुन्हा ओढते. त्याचं दुसरं टोक माझ्या हातात आहे. सोडायचं आहे हे मला कळतं आहे, बोटांना अजून कळलेलं नाही. पुण्याचे डॉक्टर ते वाचतील. वाचून तो निबंध बाजूला ठेवतील. मागचा माणूस घसा खाकरतो.

"आजोबा," मुलगी म्हणते, "सोडा की."

मी सोडतो.